व्हिएतनामी विद्यार्थ्यांकडून इंग्रजी उतारे कसे वाचून घ्यावेत

हनोईत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. या दीड तासाच्या फरकामुळे महाराष्ट्रात बसून व्हिएतनाममधल्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेणं सोयीचं जातं. त्यांचं जेवण उरकलेलं असतं आणि आपली संध्याकाळ नुकती सुरू होत असते. मी काही वर्षं हे काम करते आहे. नव्याने सुरुवात करणारे मराठी शिक्षक मला एकच प्रश्न विचारतात: मुलं कष्टाळू आहेत, शब्द पाठ आहेत, व्याकरणाचे नियमही येतात, मग उताऱ्यावरच्या प्रश्नांत मार्क का जातात? हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि तिकडे राहून शिकवणाऱ्यांसाठीही.

मार्क जाणं आता महागात पडतं. व्हिएतनामच्या बारावीच्या परीक्षेत 2024 पर्यंत इंग्रजीच्या पेपरात 60 मिनिटांत 50 प्रश्न असत आणि त्यात उच्चार, आघात, व्याकरण यांचे सुटे प्रश्न असत. 2025 पासून 50 मिनिटांत 40 प्रश्न आले आणि जवळजवळ सगळा पेपर वाचनाचा झाला. त्यात जाहिरात आणि माहितीपत्रक यांतल्या गाळलेल्या जागा आहेत, वाक्यांचा क्रम लावणं आहे, उताऱ्यात अख्खं उपवाक्य बसवणं आहे आणि शेवटी 8 आणि 10 प्रश्नांचे दोन मोठे उतारे आहेत. मोठ्या वयाचे विद्यार्थी बहुधा व्हीस्टेप या त्यांच्या राष्ट्रीय इंग्रजी चाचणीसाठी येतात (4 उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं) नाहीतर आयेल्ट्स या आंतरराष्ट्रीय इंग्रजी चाचणीसाठी (3 उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं). परीक्षा कोणतीही असो, पहिले दोन महिने शिकवणी सारखीच चालते.

आधी एक वाक्य तपासा

नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी उतारा देत नाही. एक वाक्य देते: ‘द वॉटर द फार्मर्स स्टोअर्ड इन पाँड्स टर्न्ड सॉल्टी.’ मग विचारते, खारट काय झालं? कितीतरी मुलं सांगतात, तळी. एकही शब्द अनोळखी नसतो, तरी उत्तर चुकतं, कारण ‘टर्न्ड’च्या डावीकडे सर्वांत जवळ ‘पाँड्स’ आहे.

मराठीत हेच वाक्य ‘शेतकऱ्यांनी तळ्यात साठवलेलं पाणी खारट झालं’ असं होतं. ‘साठवलेलं’ या रूपातच कळतं की मुख्य क्रियापद अजून यायचं आहे. व्हिएतनामी भाषेत क्रियापदाचं रूप बदलत नाही. काळ दाखवायचाच असेल तर आधी ‘दा’, ‘दांग’, ‘से’ असे छोटे शब्द येतात आणि संदर्भ स्पष्ट असेल तर तेही गाळतात. अनेकवचनासाठी नामाला प्रत्यय लागत नाही. त्यात शब्दाच्या शेवटी येऊ शकणारी व्यंजनं मोजकीच आहेत आणि ‘स’ त्यांत नाही. म्हणून बोलताना इंग्रजी शब्दांची शेपटं गळतात. जे कानाला ऐकू येत नाही ते डोळ्यालाही दिसेनासं होतं. वाचनाच्या तासाला उच्चार कशाला, असं वाटेल, पण पहिले काही दिवस प्रत्येक ‘स’ आणि प्रत्येक ‘एड’ मोठ्याने म्हणायला लावा.

त्यांच्या अस्खलित मोठ्याने वाचण्याने मात्र फसू नका. त्यांची लिपी रोमनच आहे, त्यामुळे अक्षरओळखीत त्यांचा वेळ जात नाही. (ही लिपी सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर जेझुइट धर्मप्रसारकांनी घडवली. 1651 मध्ये रोममध्ये या लिपीतला कोश छापून आणणारा आलेक्सांद्र द ऱ्होद हा पूर्वेकडे जाताना आधी गोव्यात राहिला होता. गोव्यातल्या मराठी वाचकांना हा धागा आवडेल.)

वाक्याचे चार सांधे

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत मी फक्त वाक्यांवर काम करते. पालक कुरकुर करतात, त्यांना ‘पेपर सोडवून घ्या’ हवं असतं. त्यांना नीट समजावून सांगा आणि तरीही वाक्यंच घ्या. लक्ष चार ठिकाणी द्यायचं.

पहिलं, क्रियापद. प्रत्येक वाक्यात मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा मारायच्या आणि त्याच्या कर्त्याभोवती चौकट करायची. बाकी सगळं कंसात टाकायचं. वर दिलेल्या वाक्यात ‘द वॉटर’ला चौकट, ‘टर्न्ड’ला दोन रेघा आणि मधल्या तुकड्याला कंस. रोज दहा वाक्यं पुरतात.

दुसरं, नामांची माळ. आपण मराठी शिक्षक इथेच बेसावध राहतो, कारण आपल्याला यात अडचण दिसतच नाही. ‘सॉल्टवॉटर इन्ट्रूजन वॉर्निंग सिस्टिम’ या चार शब्दांत मुख्य नाम शेवटी आहे. आपणही ‘खारं पाणी शिरल्याची सूचना देणारी यंत्रणा’ म्हणतो, म्हणजे यंत्रणा शेवटीच. व्हिएतनामी भाषेत क्रम बरोबर उलटा होतो: यंत्रणा, सूचना, शिरकाव, खारं. विशेषणही तिथे नामानंतर येतं. त्यामुळे विद्यार्थी माळेतला पहिला शब्द मुख्य धरून पुढे जातो आणि ‘खारं पाणी’ घेऊन बसतो. अशी माळ दिसली की शेवटच्या शब्दापासून मागे वाचायचं. बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे. आठवडाभरात सवय लागते.

तिसरं, जरी आणि तरी. आपल्यासारखीच त्यांचीही जोडी आहे: ‘मॅक झू’ आलं की पुढे ‘न्युंग’ येतं, कारणासाठी ‘वी’ आलं की ‘नेन’ येतं. इंग्रजीत ‘ऑलदो’ एकदाच येतं आणि दुसऱ्या भागाच्या तोंडाशी फक्त स्वल्पविराम असतो. लेखकाचं खरं म्हणणं त्या स्वल्पविरामानंतर असतं, पण ‘न्युंग’ न दिसल्यामुळे मुलांना वळण आलेलं कळत नाही. ती पहिल्या भागालाच लेखकाचं मत समजतात. उपाय सोपा आहे. स्वल्पविरामाच्या वर पेन्सिलीने त्यांच्या भाषेतला ‘न्युंग’ लिहायला सांगा. लिहिताना हीच मुलं ‘ऑलदो’ आणि ‘बट’ एकाच वाक्यात घालतात, ती चूकही आपोआप कमी होते. आपल्या मुलांकडूनही हीच चूक होते, त्यामुळे मराठी शिक्षकाला ती समजावणं जड जात नाही.

चौथं, सर्वनामं. व्हिएतनामी बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’च्या जागी नात्याचे शब्द येतात. माझे विद्यार्थी मला ‘को’ म्हणतात, म्हणजे बाई, आणि स्वतःला ‘एम’, म्हणजे धाकटं भावंड. पुरुष शिक्षक असेल तर तो ‘थय’. शब्दातच माणूस ओळखता येतो. इंग्रजीतलं ‘इट’, ‘दे’, ‘दिस’ मात्र कशालाही चिकटू शकतं, आणि परीक्षेत ‘या शब्दाचा संदर्भ कशाशी’ हा प्रश्न ठरलेला असतो. सर्वनामापासून नामापर्यंत बाण काढायला लावा. मग सर्वनामाच्या जागी ते नाम घालून वाक्य मोठ्याने वाचायचं. अर्थ लागला तर बाण बरोबर. एकटं ‘दिस’ बऱ्याचदा आधीच्या अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतं, ते वेगळं शिकवावं लागतं.

विषय रोज बदलू नका

‘वेगवेगळ्या विषयांवरचा सराव’ म्हणजे सोमवारी अंतराळ, मंगळवारी मधमाश्या, बुधवारी बँकिंग, असं बहुतेक गाईडांत दिसतं. मीही पहिलं वर्ष असंच शिकवलं. मुलं रोज पंचवीस नवे शब्द लिहीत आणि ते शब्द पुन्हा कधी समोर येत नसत. आता मी एका विषयाला दोन आठवडे देते, त्यात पाच उतारे. पहिला उतारा विद्यार्थ्याच्या घरचा, शेवटचा त्याने कधी न ऐकलेल्या ठिकाणचा. शब्द तेच, प्रदेश नवा.

अवघडपणा मोजायला साधी पट्टी वापरा. उताऱ्यातले शंभर शब्द मोजा आणि अनोळखी शब्दांवर खूण करायला सांगा. दोनपर्यंत असतील तर तो मदतीशिवाय वाचायला द्या. पाचपर्यंत असतील तर तुमच्यासमोर वाचून घ्या. त्याहून जास्त असतील तर तो उतारा सध्या बाजूला ठेवा. विद्यार्थी कितीही हट्ट करो, ठेवाच.

माझी आवडती मालिका मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या खाऱ्या पाण्याची आहे. तिथल्या ‘कान थो’ शहराकडच्या मुलांच्या तर ती घरातली गोष्ट असते.

पहिला उतारा मी स्वतः लिहिते, दीडशे शब्दांचा, साध्या वाक्यांचा. कोरड्या महिन्यांत नदीचा प्रवाह कमी होतो, समुद्राचं पाणी आत चढतं, एका लिटरमध्ये 4 ग्रॅमच्या पुढे मीठ गेलं की भात तग धरत नाही, एवढंच त्यात असतं. प्रश्न विचारत नाही. नदी, समुद्र आणि शेत यांचं चित्र काढून त्यावर बाणांनी पाणी कुठून कुठे गेलं ते दाखवायला सांगते. चित्र बरोबर आलं तर उतारा कळला. आपल्याला व्हिएतनामी येत नसली तरी चित्र तपासता येतं, हा मोठा फायदा.

दुसरा उतारा बातमीचा. ‘व्हिएतनाम न्यूज’ हे इंग्रजी दैनिक 1991 पासून निघतं, ‘व्हीएनएक्सप्रेस’ची इंग्रजी आवृत्तीही आहे. 2016 आणि 2020 च्या उन्हाळ्यांतल्या खारटपणाच्या बातम्या तिथे सापडतात. बातमीत काळ मागेपुढे होतो: आज काय झालं, गेल्या वर्षी काय झालं होतं. घटनांना घडल्याच्या क्रमाने आकडे घालायला लावा. ‘हॅड’ म्हणजे आणखी आधीचं, हे नियम सांगून डोक्यात शिरत नाही, आकडे घालून शिरतं.

तिसरा उतारा माणसांचा. पावसाळ्यात भात आणि खारं पाणी चढलं की त्याच शेतात कोळंबी, अशी पाळी धरणारे शेतकरी. इथे मतं येतात: कोणाला फायदा झाला, कोणाला कर्ज झालं. ‘लेखकाचा सूर कसा आहे’ हा प्रश्न याच उताऱ्यावर घ्या.

चौथा कारणांचा आणि सर्वांत अवघड. वरच्या बाजूची धरणं, नदीतल्या वाळूचा उपसा, भूजल उपसल्यामुळे खचणारी जमीन, वाढणारी समुद्रपातळी. एका परिणामाची चार कारणं, आणि प्रत्येकापुढे ‘काही अंशी’, ‘कदाचित’, ‘प्रामुख्याने’ असे शब्द. या शब्दांभोवती गोल काढायला सांगा. बहुतेक फसवे पर्याय यांच्यावरच बेतलेले असतात: उताऱ्यात ‘काही’ असतं, पर्यायात ‘सर्व’.

पाचव्या उताऱ्यासाठी मी गोव्याची खाजनं घेते. मांडवी-झुवारीच्या काठची, बांध घालून मिळवलेली शेतं, खारटपणा सोसणारं कोरगुट भात, आणि बांधातलं मानस, म्हणजे भरती-ओहोटीच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि उघडणारी लाकडी दारं. तिथेच जाळं लावून कोळंबी आणि मासे धरतात. हनोईतल्या मुलीने गोव्याचं नावही ऐकलेलं नसतं, तरी भात, खारं पाणी, भरती, बांध, कोळंबी हे सगळे शब्द तिच्या ओळखीचे झालेले असतात. मी विचारते, भरतीच्या वेळी दार उघडं असेल की बंद? उताऱ्यात ते सरळ लिहिलेलं नसतं. ‘पाण्याच्या दाबाने दारं मिटतात’ यावरून काढावं लागतं. अनोळखी विषयावरचा निष्कर्ष तिने स्वतः काढला की पुढच्या अनोळखी विषयाची भीती निम्मी होते.

अशा मालिका तुम्हीही बांधू शकता. सोन डोंग गुहा घ्या. हो खान्ह या स्थानिक माणसाला तिचं तोंड 1990 च्या सुमारास जंगलात दिसलं, ब्रिटिश पथकाने 2009 मध्ये ती मोजली, 2013 पासून पर्यटक जाऊ लागले. शेवटचा उतारा अजिंठ्याचा, 1819 मध्ये तिथे पोहोचलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा. मग विचारा की ‘सापडली’, ‘मोजली’ आणि ‘शोध लावला’ यांतला कोणता शब्द कोणाला लागू पडतो. यावर वर्गात खरी चर्चा होते. विज्ञानासाठी 1992 मध्ये जगाला कळलेला साओला हा प्राणी आहे, चरित्रासाठी 2010 चं फील्ड्स पदक मिळवणारे गणितज्ञ न्गो बाओ चाऊ. वास्तूंसाठी ‘मी सोन’ या ठिकाणची चाम लोकांची जुनी मंदिरं, जिथे भारताच्या पुरातत्त्व खात्याने दुरुस्तीचं काम केलं आहे.

लहान किंवा कच्च्या विद्यार्थ्यांना स्टोरीवीव्हर द्या. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर चार पातळ्यांच्या गोष्टी फुकट आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाला बालगोष्ट देताना मात्र तो दुखावणार नाही हे बघा. धाकट्या भावंडाला वाचून दाखव, असं सांगून दिली की तो आनंदाने घेतो.

शब्द

व्हिएतनामी लिहिताना शब्दातला प्रत्येक उच्चारखंड (सिलेबल) सुटा लिहितात. ‘सिन्ह व्हिएन’ म्हणजे विद्यार्थी, पण लिहायचे दोन तुकडे. ‘डीसॅलिनेशन’सारखा लांबलचक, न तुटलेला शब्द त्यांना भिंतीसारखा वाटतो. त्यांना त्यांच्याच पद्धतीने तो तोडू द्या: डी, सॅलिन, एशन. काढून टाकणं, मीठ, क्रिया. पुढे पूर्वप्रत्यय आणि उत्तरप्रत्ययांची वही करा, आठवड्याला तीन, जास्त नाही.

इंग्रजीशी नातं असलेले शब्द त्यांच्याकडे थोडे आहेत आणि तेही बरेचसे फ्रेंचमधून आले: कॉफीला ‘का फे’, लोण्याला ‘बो’, साबणाला ‘सा फाँग’. आपला साबण त्यांच्याच कुळातला, हे सांगितलं की वर्ग खुलतो. विद्वत्तेचे त्यांचे शब्द मात्र चिनी मुळांचे आहेत, जसे आपले संस्कृत, त्यामुळे लॅटिन मुळांचा अंदाज त्यांना घरून मिळत नाही. अनोळखी शब्द आला तर शब्दकोश शेवटी. आधी तो काम करणारा शब्द आहे की नाव, चांगला आहे की वाईट, एवढंच ठरवायचं. अनेक प्रश्न तेवढ्यावर सुटतात.

प्रश्नांकडे वळताना

मुख्य कल्पनेचा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवायला सांगा. समानार्थी शब्दाच्या प्रश्नात पर्याय वाक्यात घालून बघायचा, पाठ केलेला अर्थ चालत नाही. क्रम लावण्याच्या प्रश्नात प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द बघायचा. सर्वनामाने सुरू होणारं वाक्य पहिलं असण्याची शक्यता कमी.

सगळ्यात जास्त वेळ आयेल्ट्समधल्या ‘नॉट गिव्हन’वर जातो. ‘चूक’ आणि ‘दिलेलं नाही’ यांत मुलं अडकतात. कारण त्या विषयावर त्यांनी शाळेत काहीतरी वाचलेलं असतं आणि ते खरं आहे हे त्यांना माहीत असतं. मी एक सवय लावते: ‘चूक’ लिहायचं असेल तर विधानाला खोटं पाडणारं वाक्य उताऱ्यात बोटाने दाखव. बोट कुठेच ठेवता आलं नाही तर ‘दिलेलं नाही’. खाजनांच्या उताऱ्यावर ‘गोव्यातले शेतकरी मेकाँगकडून हे शिकले’ असं विधान देते. बोट बराच वेळ फिरतं आणि मग थांबतं.

पहिले सहा आठवडे घड्याळ लावूच नका. नंतर 8 प्रश्नांच्या उताऱ्याला 15 मिनिटं द्या, मग 12, मग 10. वेग आणण्यासाठी बाण आणि कंस सोडून द्यायचे नाहीत. ते हळूहळू कागदावरून डोक्यात जातात.

‘झा’ म्हणजे समजलं नव्हे

तुम्ही विचाराल, कळलं का? विद्यार्थी म्हणेल ‘झा’. दक्षिणेत तोच शब्द ‘या’ असा ऐकू येतो. हा आदराचा हुंकार आहे, आपल्या ‘जी’सारखा. ‘बाई, ऐकतोय’ एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. मोठ्यांसमोर ‘नाही समजलं’ म्हणणं अनेकांना उद्धटपणाचं वाटतं, आणि चारचौघांत चुकणं त्याहून अवघड. म्हणून ‘कळलं का’ विचारूच नका. ‘कोणतं वाक्य सगळ्यात अवघड आहे, त्याचा आकडा पाठव’ असं सांगा, तेही ‘झालो’ या ॲपवर, खाजगी निरोपात. तिकडे ‘झालो’ म्हणजे आपलं व्हॉट्सॲप. आकडे येतात. तीन मुलांनी एकाच वाक्याचा आकडा पाठवला की त्या दिवशीचा तास त्याच वाक्याचा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवा विषय घेऊ नका. आधी सोडवलेल्या मालिकांतले चौथ्या क्रमांकाचे, म्हणजे कारणांचे उतारे पुन्हा काढा आणि फक्त चुकलेले प्रश्न परत सोडवून घ्या. प्रत्येक चुकीसमोर सांध्याचं नाव लिहायला लावा: क्रियापद, माळ, जरी-तरी, सर्वनाम. ज्याचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं, त्याचीच वीस वाक्यं शेवटच्या दोन दिवसांत द्या.